भावनिक ध्रुवीकरण मोजताना प्रश्न नेमका कोणाबद्दल विचारायचा?

नवी_संशोधक

नमस्कार. एका बहुपक्षीय लोकशाहीतल्या मतदारांमधलं भावनिक ध्रुवीकरण मोजायचं आहे. धोरणांवरची मतं एकमेकांपासून किती लांब गेली आहेत हा माझा विषय नाही. समोरच्या पक्षाबद्दल आणि त्याच्या माणसांबद्दल किती नावड, अविश्वास आणि दुरावा आहे ते पाहायचं आहे.

आराखडा असा: १,२०० उत्तरदाते, निम्मे फोनवर आणि निम्मे ऑनलाइन. चार मुख्य पक्षांसाठी ० ते १०० अंशांचा भावना-थर्मामीटर (० म्हणजे अगदी थंड, १०० म्हणजे अगदी उबदार). मग "तुमच्या मुलाने किंवा मुलीने अमुक पक्षाच्या समर्थकाशी लग्न केलं तर कसं वाटेल?" हा प्रश्न. शेवटी एक प्रयोग: लोकांना पाच गटांत वाटायचं, चार गटांना नावड कमी करणारे वेगवेगळे मजकूर वाचायला द्यायचे आणि पाचवा गट तुलनेसाठी ठेवायचा. निर्देशांक म्हणून प्रत्येकाच्या सर्वांत आवडत्या पक्षाच्या अंशांतून सर्वांत नावडत्या पक्षाचे अंश वजा करायचे, एवढंच सध्या ठरवलं आहे.

अमेरिकेतल्या संशोधनात याच प्रश्नांवरून मोठे निष्कर्ष काढलेले दिसतात. तेच प्रश्न जसेच्या तसे घेतले तर कुठे फसेल? आणि "नावड कमी झाली की लोकशाहीच्या नियमांवरची निष्ठा वाढते" हे गृहीतक मांडता येईल का?

चलराशी

आधी थर्मामीटरचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

"अमुक पक्ष" असं विचारलं की उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेते येतात. ड्रकमन आणि लेव्हेंडस्की यांनी २०१९ मध्ये हे मुद्दाम तपासलं. समोरच्या पक्षाचं नाव घेतलं की लोक प्रामुख्याने त्याच्या नेतेमंडळींचा विचार करतात, आणि नेत्यांबद्दलचं मत त्याच पक्षाच्या साध्या मतदारांबद्दलच्या मतापेक्षा जास्त वाईट असतं. तुम्हाला माणसामाणसांतला दुरावा हवा आहे आणि प्रश्न मात्र पक्षाबद्दल आहे. अशाने आकडा फुगणार, आणि किती फुगला हे नंतर कोणत्याही गणिताने काढता येणार नाही. म्हणून प्रत्येक पक्षासाठी निदान दोन प्रश्न ठेवा: एक पक्षाबद्दल आणि एक "त्या पक्षाला मत देणाऱ्या लोकांबद्दल". चार पक्ष म्हणजे आठ प्रश्न. प्रश्नावलीत जागा कमी पडत असेल तर दुसरं काहीतरी काढा, हे काढू नका.

अमेरिकेचा जो प्रसिद्ध आलेख सगळीकडे दिसतो तो पक्षाबद्दलच्या प्रश्नावर बेतलेला आहे. बॉक्सेल, गेंट्झको आणि शपिरो यांच्या हिशोबाने १९७८ मध्ये तिथला सरासरी पक्षसमर्थक आपल्या पक्षाला समोरच्यापेक्षा २७.४ अंश जास्त देत होता. २०२० मध्ये हे अंतर ५६.३ झालं. आपल्या पक्षाबद्दलची ऊब फारशी वाढलेली नाही. समोरच्याबद्दलचे अंश घसरले म्हणून अंतर वाढलं. तुमचा मतदारांबद्दलचा आकडा या आलेखाशेजारी ठेवू नका, पक्षाबद्दलचाच ठेवा. आणि वजाबाकीच्या जोडीने दोन्ही बाजूंचे अंश वेगवेगळेही द्या. ७० वजा ४० आणि ४५ वजा १५ यांचं उत्तर एकच येतं, पण दुसऱ्या समाजाची अवस्था पहिल्यासारखी मुळीच नाही.

आता फोन आणि ऑनलाइनची सरमिसळ. ० ते १०० चा थर्मामीटर मुळात समोर कार्ड धरून विचारायचा प्रश्न आहे. अमेरिकी राष्ट्रीय निवडणूक अभ्यासाच्या कार्डावर ०, १५, ३०, ४०, ५०, ६०, ७०, ८५ आणि १०० या आकड्यांपुढे वर्णनं लिहिलेली असतात आणि उत्तरं त्याच आकड्यांवर साचतात. फोनवर कार्ड नसतं, मग ती भलत्याच गोल आकड्यांवर साचतात. शिवाय माणूस ऐकतो आहे म्हटल्यावर लोक नावड थोडी सौम्य करून सांगतात, पडद्यापुढे एकटे असताना मोकळेपणाने शून्य देतात. तुमच्याकडे फोनवाले वयाने मोठे आणि ऑनलाइनवाले तरुण निघाले, तर वयाचा परिणाम कोणता आणि माध्यमाचा कोणता हे वेगळं करता येणार नाही. शक्य असेल तर एकच माध्यम ठेवा. दोन्ही लागणारच असतील तर, ज्यांच्याशी दोन्ही मार्गांनी संपर्क होऊ शकतो अशांपैकी काही जणांना चिठ्ठी टाकून कोणतंही एक माध्यम द्या. फरकाचा अंदाज तिथून मिळेल. मोजपट्टी मात्र ० ते १० ची घ्या, ती कार्डाशिवाय चालते.

लग्नाचा प्रश्न आकर्षक आहे आणि म्हणूनच धोक्याचा. आयंगार, सूद आणि लेल्केस यांच्या २०१२ च्या लेखात जुनी-नवी सर्वेक्षणं शेजारी ठेवली होती. १९६० मध्ये अमेरिकेत मुलाबाळांनी समोरच्या पक्षाच्या माणसाशी लग्न करण्याला नाराजी दाखवणारे जेमतेम ४-५% होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांत ते निम्म्याच्या आसपास आणि डेमोक्रॅटांत तृतीयांश झाले. पण दोन्ही वेळची शब्दरचना आणि सर्वेक्षणाची पद्धत सारखी नव्हती. त्याहून मोठी अडचण क्लार, क्रुपनिकोव्ह आणि रायन यांनी २०१८ मध्ये दाखवली. "समोरच्या पक्षाचा समर्थक" म्हटलं की लोकांच्या मनात सतत राजकारण बोलणारा माणूस उभा राहतो. हाच जावई किंवा सून राजकारणावर क्वचितच बोलते असं सांगितलं की नाराजी बरीच उतरते. उलट सतत राजकारण बोलणारा माणूस आपल्याच पक्षाचा असला तरी अनेकांना नको असतो. म्हणजे त्या प्रश्नात पक्षाची नावड आणि राजकारणाचा कंटाळा एकत्र मोजला जातो. नमुन्याचे चिठ्ठी टाकून दोन भाग करा: एकाला साधा प्रश्न, दुसऱ्याला "जी व्यक्ती राजकारणावर क्वचितच बोलते" हे शब्द घालून. दोन्हींतला फरक हा तुमच्या प्रबंधातला स्वतंत्र निष्कर्ष ठरू शकतो.

भारांक

वरच्या सगळ्याशी सहमत. मी फक्त निर्देशांकावर लिहितो.

"सर्वांत आवडता वजा सर्वांत नावडता" हे दोन पक्षांच्या देशात ठीक आहे. चार पक्ष असले की ही वजाबाकी मधल्या दोन पक्षांकडे बघतच नाही, आणि एखाद्या २% मतांच्या पक्षाला सगळ्यांनी शून्य दिलं की देश दुभंगलेला दिसायला लागतो. मार्कुस वॅग्नर यांनी २०२१ मध्ये यासाठी दोन मापं मांडली. दोन्ही प्रत्येक उत्तरदात्यासाठी स्वतंत्र निघतात आणि दोन्हींत पक्षांना मतांच्या वाट्याप्रमाणे भार दिलेला असतो.

हातानेच करून बघा. पक्ष अ ४०%, ब ३०%, क २०%, ड १०%. एका मतदाराने ० ते १० च्या पट्टीवर अनुक्रमे ८, २, ७, ३ दिले.

भारित सरासरी: ३.२ + ०.६ + १.४ + ०.३ = ५.५. या सरासरीपासून प्रत्येक पक्षाचं अंतर घ्या, वर्ग करा, भाराने गुणा: २.५ + ३.६७५ + ०.४५ + ०.६२५ = ७.२५. वर्गमूळ २.६९. हे झालं पहिलं माप, "पसारा".

दुसऱ्या मापात सरासरीऐवजी सर्वांत आवडत्या पक्षाच्या गुणांपासून, इथे ८ पासून, अंतर घ्यायचं: ब साठी ३६ × ०.३ = १०.८, क साठी १ × ०.२ = ०.२, ड साठी २५ × ०.१ = २.५. बेरीज १३.५, वर्गमूळ ३.६७.

आता दुसरा मतदार घ्या: ८, २, २, ३. त्याला फक्त अ आवडतो. तुमच्या वजाबाकीने दोघांचं उत्तर ६ च येतं. पसारा २.६९ वरून २.८७ होतो, म्हणजे फार हलत नाही. आवडत्या पक्षापासूनचं अंतर मात्र ३.६७ वरून ४.५३ वर जातं. पहिल्याच्या डोक्यात दोन गट आहेत, अ-क विरुद्ध ब-ड. दुसऱ्याच्या डोक्यात "आम्ही विरुद्ध बाकी सगळे" आहे. देश दोन फळ्यांत विभागला आहे का, हा तुमचा प्रश्न असेल तर पसारा घ्या. लोक आपल्या पक्षाबाहेरच्या सगळ्यांनाच किती दूर ढकलतात हा असेल तर दुसरं माप. दोन्ही काढून जे मोठं येईल ते छापायचं, असं करू नका. निवड विदा, म्हणजे गोळा केलेली उत्तरं, हातात येण्याआधी लिहून ठेवा.

हिशोबात नेहमी चुकतात त्या जागा:

भारांची बेरीज १ यायला हवी. चार पक्षांना मिळून ८८% मतं असतील तर प्रत्येक वाटा ०.८८ ने भागा. एखाद्याने ड पक्षाला गुणच दिले नाहीत तर त्या उत्तरदात्यापुरते उरलेल्या तिघांचे भार पुन्हा १ वर आणा. रिकाम्या जागी ५ भरू नका. "माहीत नाही" आणि "मध्यम वाटतो" यांत मोठा फरक आहे, आणि छोट्या पक्षांबाबत तर फारच.

आवडते पक्ष दोन असतील, समजा दोघांना ८, तर दुसऱ्या मापाला काही होत नाही, कारण कमाल गुण तेच राहतात. "आपला पक्ष कोणता?" हा प्रश्न मात्र तिथे अडतो. तेव्हा आपला पक्ष गुणांवरून ठरवू नका, जवळिकीचा प्रश्न वेगळा विचारा, आणि "कोणताच नाही" म्हणणाऱ्यांना "त्यातल्या त्यात कोणता?" असा दुसरा प्रश्न विचारा. दुसऱ्या प्रश्नावर पक्ष सांगणाऱ्या या कडेच्या लोकांना पक्षसमर्थकांत धरलं की सरासरी अंतर कमी होतं, वगळलं की वाढतं. कुठल्याही दोन अभ्यासांची तुलना करण्याआधी हे एकदा तपासाच.

जुन्या विदासंचांतले संकेतांक, म्हणजे उत्तरांसाठी नोंदलेले आकडे, जपून वाचा. अमेरिकी निवडणूक अभ्यासाच्या एकत्रित संचात थर्मामीटरचा ९७ म्हणजे ९७ ते १०० अंश, खरंखुरं उत्तर. पक्षांच्या आवडी-नावडीच्या आंतरराष्ट्रीय तुलनात्मक संचात ९७ म्हणजे उत्तर द्यायला नकार. सवयीने "९६ च्या वरचं सगळं रिकामं" अशी एक ओळ दोन्हीकडे चालवली की पहिल्या संचातले सर्वांत कट्टर समर्थक गायब होतात आणि ध्रुवीकरण कमी दिसतं. संगणक काही तक्रार करत नाही, त्यामुळे चूक कळतही नाही.

आणखी एक चल हवा: कोणते पक्ष सध्या किंवा अलीकडे एकत्र सत्तेत होते. हॉर्न, अ‍ॅडम्स आणि गिड्रॉन यांच्या कामातून दिसतं की एकत्र सरकार चालवलेल्या पक्षांचे समर्थक एकमेकांबद्दल, धोरणांच्या अंतरावरून अपेक्षित असते त्यापेक्षा जास्त उबदार असतात, आणि आघाडी मोडल्यावरही ही ऊब काही काळ टिकते. तुमच्या अ आणि क ची आघाडी असेल तर वरच्या पहिल्या मतदारासारखे बरेच निघतील, आणि कारण विचारसरणी नसून आघाडी असू शकेल.

नवी_संशोधक

हे मला नेमकं हवं होतं, आभार. ० ते १० ची पट्टी आणि पक्ष व मतदार वेगळे, हे पक्कं केलं. एक शंका: दरी पक्षांवरून नसून एखाद्या मोठ्या प्रश्नावरून पडली असेल तर? आणि प्रयोगाबद्दल कोणीच बोललं नाही.

समासटीप

पहिल्या शंकेसाठी ब्रिटन पाहा. युरोपीय संघात राहायचं की नाही यावरच्या २०१६ च्या सार्वमतानंतर "लीव्ह" (बाहेर पडा) आणि "रिमेन" (राहा) या ओळखींवरूनच लोक एकमेकांबद्दल पूर्वग्रह बाळगू लागले, आणि ही रेघ दोन्ही मोठ्या पक्षांच्या आरपार गेली होती. होबोल्ट, लीपर आणि टिली यांनी ते मोजलं आहे. तिथे फक्त पक्षांचे थर्मामीटर लावले असते तर अर्धी दरी निसटली असती. तुमच्याकडे असा प्रश्न असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनाही ० ते १० गुण द्यायला सांगा.

धोरण आणि ओळख यांची गुंतागुंत वेगळीच. ऑर आणि ह्यूबर (२०२०) यांनी काल्पनिक व्यक्तींची वर्णनं दिली. फक्त पक्ष सांगितला तेव्हा नावड मोठी. त्या व्यक्तीची धोरणांवरची मतंही सांगितली की पक्षाचा परिणाम बराच आटला. म्हणजे पक्षाच्या नावावरून लोक मतांचा अंदाज बांधतात आणि नावडीचा मोठा भाग त्या अंदाजाचा असतो. ओळखीचा स्वतंत्र परिणाम त्यांच्या म्हणण्यापेक्षा मोठा आहे असं दाखवणारं कामही नंतर झालं आहे, आणि हा वाद मिटलेला नाही. बांधलेले अंदाज तर चुकीचे असतातच. आह्लर आणि सूद यांनी २०१८ मध्ये दाखवलं की अमेरिकी लोकांच्या अंदाजाने वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणारे रिपब्लिकन ३८% आहेत. प्रत्यक्षात ते सुमारे २% होते.

आता प्रयोग. पाच गट सोडून द्या. १,२०० मधून प्रत्येकी २४० येतात. ५% सार्थकता पातळी (परिणाम नसताना तो दिसण्याची शक्यता) आणि ८०% सामर्थ्य (परिणाम असताना तो सापडण्याची शक्यता) धरलं तर दोन गटांच्या तुलनेत तुम्हाला सुमारे ०.२६ प्रमाण विचलनाहून (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचं माप) छोटा परिणाम भरवशाने पकडता येणार नाही. पट्टीवर विचलन २.५ असेल तर हे ०.६४ गुण झाले. एक मजकूर वाचून एवढा फरक पडेल अशी आशा धरू नका. आणि चार तुलना असल्याने योगायोगाने एखादी सार्थक निघण्याची शक्यताही वाढते. दोनच गट करा, ६०० आणि ६००. पकडता येणारा किमान परिणाम ०.१६ वर येतो. प्रयोगाच्या काही दिवस आधी हेच गुण एकदा विचारून ठेवले आणि दोन वेळच्या उत्तरांत ०.७ सहसंबंध असला, तर आधीचे गुण हिशोबात धरल्यावर ०.११५, म्हणजे ०.२९ गुणांपर्यंत उतरता येतं. आधीचं मोजमाप इतकं उपयोगी पडतं की त्यासाठी थोडे उत्तरदाते कमी करावे लागले तरी चालेल.

कोणता मजकूर निवडायचा? फोल्केल आणि सहकाऱ्यांचा २०२४ मधला महाप्रयोग हा आजचा सर्वांत चांगला आधार आहे: ३२,०५९ अमेरिकी, २५ उपाय, आणि ते २५ आलेल्या २५२ प्रस्तावांतून निवडलेले. त्यातल्या २३ उपायांनी समोरच्या पक्षाबद्दलची नावड कमी केली. सर्वांत चाललेले दोन प्रकार: समोरच्या बाजूची सहानुभूती वाटावी अशी माणसं प्रत्यक्ष दाखवणं, आणि दोघांची सामायिक ओळख पुढे आणणं. दुसऱ्या प्रकारात जपून राहा. राष्ट्रीय सणाच्या दिवसांत ऊब वाढते असा निष्कर्ष २०१८ मध्ये आला होता. ब्रँट आणि टर्नर-झ्विंकेल्स यांनी २०२० मध्ये तो पुन्हा तपासला तेव्हा त्याला आणखी पुरावा मिळाला नाही.

तुमच्या गृहीतकाला मात्र हा पुरावा अनुकूल नाही, आणि मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रूकमन, काला आणि वेस्टवुड यांनी प्रयोगातून नावड खरोखर कमी-जास्त केली आणि मग पाहिलं: लोकशाहीचे नियम मोडणाऱ्या आपल्याच नेत्याला लोक नाकारतात का, जाब विचारतात का? काही बदललं नाही. फोल्केल आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या लेखातही नावड कमी करणाऱ्या उपायांनी लोकशाहीविरोधी वृत्ती आपोआप उतरल्या नाहीत. सर्वेक्षणात दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात म्हणून एक दुसरीचं कारण आहे असं मानायचं, ही उडी अनेक लेखांच्या प्रस्तावनेत असते. तुम्ही ती घेऊ नका. गृहीतक दोन स्वतंत्र परिणामांचं करा: नावड एक, नियमांवरची निष्ठा दुसरी. दुसरी मोजताना "लोकशाही महत्त्वाची आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. नेमकी कृती द्या: आपल्या पक्षाच्या सरकारने न्यायालयाचा न पटणारा निकाल पाळला नाही तर त्याला पाठिंबा द्याल का?

चलराशी

समासटीप यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: हिंसेबद्दल काही विचारणार असाल तर लक्ष-तपासणीचा प्रश्न, म्हणजे माणूस नीट वाचतो आहे का हे पाहणारा प्रश्न, आधी ठेवा. वेस्टवुड आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की मोघम शब्दरचना आणि लक्ष न देणारे उत्तरदाते यांमुळे राजकीय हिंसेचा पाठिंबा प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा दिसतो. दुर्मीळ मताच्या प्रश्नावर हे होणारच: खरे समर्थक ३% असतील आणि १०% लोक न वाचता बटणं दाबत असतील तर आकड्याचा मोठा भाग त्या १०% मुळेच बनू शकतो.

समाजमाध्यमांचा प्रश्न आराखड्यात नाही, पण परीक्षक विचारतील म्हणून थोडक्यात. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी फेसबुकवर सुमारे २३,००० जणांना समविचारी स्रोतांचा मजकूर साधारण तृतीयांशाने कमी दाखवला, तरी भावनिक ध्रुवीकरण मोजण्याइतकं हललं नाही. बोस्निया-हर्झेगोविनातल्या प्रयोगात फेसबुक बंद ठेवलेल्यांचं दुसऱ्या वांशिक गटाबद्दलचं मत उलट खालावलं. "माध्यमांमुळे झालं" असं एका वाक्यात लिहू नका.

नवी_संशोधक

दोन गट आणि दोन फेऱ्या, ठरलं. गृहीतकही दोन परिणामांचं करते. मजकुराचा परिणाम किती टिकला ते पाहायला तिसरी फेरी हवी का? आणि लोक गळाले तर?

समासटीप

हवी. पैसे एकाच जादा फेरीला पुरत असतील तर ती प्रयोगानंतर लगेच घेऊ नका, काही आठवड्यांनी घ्या. सांतोरो आणि ब्रूकमन यांनी २०२२ मध्ये समोरच्या पक्षाच्या माणसाशी गप्पा मारायला लावल्या. "तुमचा आदर्श दिवस कसा असेल?" यावर बोलले तेव्हा ऊब खूप वाढली, मतभेदांवर बोलले तेव्हा नाही, आणि तीन महिन्यांनी वाढलेली ऊबही ओसरली होती. लगेचचा आकडा एकटा छापला तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

गळतीचा हिशोब आधीच करा. पहिल्या फेरीनंतर २०% गेले तर ९६० उरतात, गटात ४८०. किमान परिणाम ०.१८, आधीच्या गुणांसह ०.१३. हे चालण्यासारखं आहे. कोण गळालं हे त्याहून महत्त्वाचं. पहिल्या फेरीतले गुण हातात असल्यामुळे गेलेल्यांची आणि राहिलेल्यांची सरासरी ताडून बघता येते. राजकारणात कमी रस असलेले आधी गळतात आणि मागे कट्टर उरतात. कोण कोणत्या गटात हे ठरवणारी चिठ्ठी पहिल्या फेरीनंतर टाकू नका, दुसऱ्या फेरीत माणूस पानावर आल्यावर टाका, म्हणजे निदान प्रयोगातली तुलना गळतीपासून वाचेल. तिसऱ्या फेरीत मात्र दोन्ही गटांची गळती वेगवेगळी मोजा, कारण मजकूर न आवडलेले लोक परत येत नाहीत.